दिवे वाढवणारे दाजी

सोलापुरात कशाचीही टंचाई होऊ शकते, उजेडाची होत नाही. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, पण ऊन रोज येतं आणि सकाळपासूनच असं घरात घुसतं, की त्याला बसायला पाट द्यावा का काय असं वाटतं. अशा गावात जन्म काढून ज्याला उजेड पुरला नाही असा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्याने माझे साडू. बायको त्यांना दाजी म्हणते, तिच्या माहेरचे सगळे दाजी म्हणतात, गल्लीतले म्हणतात, आणि त्यांच्या दुकानासमोर रोज हरभऱ्याची वाट बघत उभी राहणारी गायसुद्धा मनातल्या मनात दाजीच म्हणत असावी असा मला दाट संशय आहे. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. भूगोलाच्या माणसाला मोटारीतलं सगळं कळतं अशीही त्यांची एक समजूत आहे. ती मी कधी मोडून काढली नाही, कारण समजूत मोडली असती तर मोटारीतून फिरणं मोडलं असतं.

शुक्रवार पेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान आहे. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी आणि हमालांशी दोन्हीची भेळ, अशी तिथली भाषा. दुकान आजोबांच्या वेळचं, लांबोडकं आणि काळोखी. त्यामुळे तूरडाळीचा नमुना आला की दाजी मूठभर डाळ घेऊन पायरी उतरणार, रस्त्याच्या मधोमध उभे राहणार, तळहात उन्हात धरणार आणि मागून भोंगे वाजवणाऱ्या रिक्षांना दुसऱ्या हाताने थोपवून ठेवणार. "उजेडात आल्याबिगर मालाचं खरं कळत न्हाई, मास्तर." हे डाळीपुरतं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण दाजी सगळंच उजेडात नेतात. हॉटेलात इडली आली की बशी घेऊन दारापर्यंत जाऊन येतात. धोब्याकडून आलेला सदरा, डॉक्टरने दिलेली गोळी, लग्नाची पत्रिका, कुणी दाखवलेलं तान्हं मूल, सगळ्याला आधी उंबऱ्यापाशी जावं लागतं. माझ्या सासुरवाडीला नातेपुत्याला ते अक्कांना, म्हणजे बायकोच्या त्या थोरल्या बहिणीला, बघायला गेले होते तेव्हाचा किस्सा तर अजून त्या गावात सांगतात. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन माजघरात आली, आणि तांदूळ-डाळीची सवय लागलेला हा तरुण भाबडेपणाने म्हणाला, "जरा दारात येता का, हितं उजेड कमी हाय." सासरेबुवांच्या मिशीचा एक केस हलेना. अक्का मात्र शांतपणे दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमीबी या की. मलाबी बगायचंय." लग्न तिथंच ठरलं असं म्हणतात.

दाजींच्या आयुष्यात दुकान, अक्का आणि गाडी एवढ्या तीनच गोष्टी. गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, तेव्हा ती पांढरी होती. आता तिला ताकाचा रंग आला आहे. ती घेतल्यापासून दोघांचा एक नेम होता. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं, देवापुढे दिवा लागला, की दाजी आणि अक्का गाडीत बसून अक्कलकोट रस्त्याला निघायचे. काम काहीच नाही. गाव संपेपर्यंत जायचं, थोडं पुढे जायचं, परत यायचं. अक्कांच्या मांडीवर उकडलेल्या शेंगांचा पुडा असायचा. त्या शेंगा सोलून दाणे दाजींच्या तळहातावर ठेवायच्या आणि दाजी ते दाणे, जगात फक्त हीच एक गोष्ट, उजेडात न नेता तोंडात टाकायचे. वाटेत दोघं काय बोलत असतील याबद्दल माझ्या बायकोला फार कुतूहल. एकदा तिने अक्कांना विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "काय बोलायचंय? दिसंल त्येच्याबद्दल बोलतो." हा नेम उन्हाळ्यात चुकला नाही, पावसाळ्यात चुकला नाही, लेकीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली त्या संध्याकाळीही चुकला नाही.

आणि मग एका हंगामात, ऊसतोडणी ऐन भरात असताना, तो मोडला. दोघं मोहोळहून परत येत होते. तिन्हीसांजा झालेल्या. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर सोडून घेऊन कुठेतरी जेवायला गेलेला. दाजींच्या गाडीच्या दिव्यांचा उजेड तेव्हा इतका पिवळा आणि मरतुकडा होता, की ट्रॉली दिसली ती थेट अंगावर आल्यावरच. ब्रेक लागला, गाडी थांबली, आणि मागे लोंबणाऱ्या उसांची टोकं पुढच्या काचेवर टकटक करून राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. घरी आल्यावर अक्का चपला काढताना एवढंच म्हणाल्या, "दिवेलागण झाल्यावर तुमच्या गाडीत मी बसायची न्हाई." अक्कांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजींनी शटर ओढलं, गाडी पुसली, काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि घरात येऊन बसले. अक्का भाजी निवडत होत्या. दोघांनीही घड्याळाकडे बघितलं नाही, पण माझ्या बायकोने बघितलं, कारण त्या दिवशी आम्ही तिथे होतो.

दुसरा कुणी असता तर चार दिवस रुसून गप्प बसला असता. दाजींनी आधी स्वतःचे डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी उलटसुलट अक्षरं वाचायला लावली आणि सांगितलं, की डोळे ठणठणीत आहेत, गाडीचे तपासा. दाजींना एवढंच ऐकायचं होतं. लेक फोनवरून म्हणाली, की बाबा, एवढं करण्यापेक्षा नवी गाडी घ्या. दाजी म्हणाले, "नव्या गाडीत तुजी आई बसंल व्हय? तिला ह्याच गाडीचं भ्या बसलंय, ते ह्याच गाडीत जायला पायजे." हे तर्कशास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवतात मला ठाऊक नाही. पण अक्का पुन्हा शेजारी बसाव्यात एवढ्या एका गोष्टीसाठी त्या माणसाने पुढचे काही महिने ज्या चिकाटीने घालवले, त्या चिकाटीने मी भूगोल शिकवला असता तर माझा एकही विद्यार्थी भीमेला गोदावरीची उपनदी म्हणाला नसता.

पहिल्यांदा त्यांनी दिव्यांवरची झाकणं हातात घेतली. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती कावीळ झाल्यासारखी झाली होती. कुणीतरी सांगितलं, की दात घासायच्या पेस्टने घासा, लख्ख होतात. दाजींनी घरातली पेस्ट संपवली, दुकानातून आणलेली संपवली, आणि आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो होतो तेव्हा माझ्या बायकोच्या पिशवीतलीही संपवली. सकाळी मी मिठाने दात घासत मागच्या अंगणात उभा, आणि समोर दाजी गाडीचे दात घासत बसलेले. अक्का आतून म्हणाल्या, "तिला चूळबी भरायला लावा." झाकणं मात्र खरंच स्वच्छ झाली. पिवळेपणा गेला, नंतर बारीक पॉलिश कागदाने चरे गेले, आणि दाजींनी एकेक झाकण उंबऱ्यापाशी नेऊन, उन्हात धरून, त्यातून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमी लई म्हातारं झालाव की," असं निदानही केलं.

तरी रात्री दिवे लावल्यावर उजेड मिणमिणताच. मग दाजी त्यामागे हात धुऊन लागले. कुणाकडून तरी वीज मोजायचा मीटर आणला, त्याच्या दोन तारा इकडे लावल्या, तिकडे लावल्या, आणि एका दुपारी मला फोन करून बोलावून घेतलं. चेहरा असा की घरात चोर सापडलाय. "मास्तर, बॅटरीतनं बारा व्होल्ट निघत्यात आन् दिव्यापाशी धाच पोचत्यात. मधी कोण खातंय?" मी भूगोलाच्या भरवशावर गंभीरपणे मान हलवली. दाजींनी उत्तर आधीच शोधलेलं होतं. बॅटरीतून निघालेली वीज आधी गाडीच्या पोटातून डॅशबोर्डात जाते, तिथून बटणात, तिथून लांबचा वळसा घेऊन दिव्यात, आणि त्या सगळ्या जुन्या बारीक तारांतून जाता जाता गळते. "आडत्यामार्फत माल आला की पोतं हलकं होणारच की वो. थेट शेतकऱ्याकडनं घ्यायला पायजे." त्यासाठी रिले नावाची काड्यापेटीएवढी डबी मिळते. बटणाने फक्त त्या डबीला इशारा करायचा, आणि वीज जाड तारेने बॅटरीतून थेट दिव्यात. आयुष्यभर आडत्यांशी हुज्जत घातलेल्या माणसाला ही डबी म्हणजे देव भेटल्यासारखी वाटली. ती बसवताना त्यांनी एकदा भोंग्याची तार दिव्याला जोडली, त्यामुळे दिवा लावला की गाडी ओरडायची. एकदा वायपर दिव्यांबरोबर नाचायला लागले. अशा वेळी अक्का स्वयंपाकघरातून कन्नडमध्ये ओरडायच्या, "सुम्म कूड्री." म्हणजे गप्प बसा. अक्का मूळच्या मराठी. कन्नड त्या सासूकडून शिकल्या आणि ती सगळी त्यांनी नवऱ्यावरच खर्च केली.

शेवटी दिवे लागले, आणि असे लागले की गल्लीतली मांजरं माळ्यावर चढली. आता राहिलं होतं ते दिव्यांचं तोंड नीट करणं. उजेड फार वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, फार खाली गेला तर आपल्याच नाकापुढे पडतो. त्यासाठी भिंतीपासून ठरावीक अंतरावर गाडी लावायची, भिंतीवर खुणा करायच्या आणि त्या खुणांवर उजेड बसवायचा. शुक्रवार पेठेत भिंतींना तोटा नाही, अंतराला आहे. दाजींनी गाडी मागे मागे घेत पार दुसऱ्या बोळाच्या तोंडाशी नेली, तेव्हा कुठे समोरच्या घराची भिंत हवी तेवढी लांब गेली. ते घर एका तेलुगू विणकर कुटुंबाचं. घरातल्या म्हाताऱ्या मामी तेव्हा दुपारच्या झोपेत होत्या. दाजींनी गेरूने त्यांच्या भिंतीवर दोन ठसठशीत लाल फुल्या मारल्या, एक आडवी रेघ ओढली, वर बाण काढला, आणि संध्याकाळची वाट बघत दुकानात जाऊन बसले.

आता, जुन्या पेठेत घराच्या भिंतीवर लाल फुली म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने सोलापुरात घर घेऊ नये. मामी उठल्या, दारात आल्या, फुली बघितली आणि मटकन खाली बसल्या. "रस्ता मोठा करायला मार्किंग झालं की वो आमच्या घरावर." दहा मिनिटांत गल्ली गोळा झाली. आडवी रेघ कुठवर जाते त्यावरून कुणाचं न्हाणीघर जाणार, कुणाचा जिना जाणार याचे हिशेब सुरू झाले. बाण वर होता, त्यावरून एकाने निष्कर्ष काढला की वरून उड्डाणपूल येतोय. एका जाणत्याने सल्ला दिला, की देवाला कुणी हात लावत नाही, देव बसवा. लोक किती चपळ असतात बघा. दाजी दिवेलागणीला मला बरोबर घेऊन किल्ली फिरवत परत आले तोवर डाव्या फुलीवर फ्रेममधला देव टांगला होता, उजव्या फुलीवर शेंदूर फासला होता, खाली नारळ, उदबत्त्या, आणि मामी डोळे पुसत आरतीच्या तयारीत. दाजींना काहीच कल्पना नाही. त्यांनी आपले दिवे लावले. नेमक्या त्या घडीला दोन्ही झोत बरोबर त्या दोन जागांवर जाऊन बसले, काचेतला देव लखलखला आणि साऱ्या गल्लीने हात जोडले. अंधारातून दाजींचा आवाज आला, "मास्तर, फोकस बरोबर बसला की वो." मग जे झालं ते सांगत नाही. मामींनी पुढचा आठवडाभर दाजींच्या दुकानातून साखर घेतली नाही. देव मात्र अजून आहे. आता त्याला काढणार कोण?

एवढं सगळं होऊनही अक्का काही हलल्या नाहीत. दाजी रोज संध्याकाळी विचारायचे, "आज बगतीस का, किती लांबचं दिसतंय?" आणि अक्का म्हणायच्या, "हितनंच दिसतंय मला." मग दाजींना वाटलं, की उजेड अजून कमी पडतोय. त्यांनी पुढच्या बंपरवर आणखी दोन दिवे चढवले, बशीएवढे. मी म्हटलं, "दाजी, एवढे कशाला?" ते म्हणाले, "तिचं भ्या लई मोठं हाय, मास्तर."

तेवढ्यात नातेपुत्याला धाकट्या मेव्हण्याच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. आम्ही चौघं दाजींच्या गाडीतून गेलो, उजेडात परत यायचं या अटीवर. पण वास्तुशांतीची पंगत आणि उजेड यांचं कधी जमलेलं नाही. भटजी उशिरा आले, आमटी त्याहून उशिरा आली, आणि निरोपाचं हळदीकुंकू होईतो ऊन उतरलं. अक्का म्हणाल्या, आज इथंच राहू. दाजी नुसते गाडीपाशी जाऊन तिच्या काचा पुसत राहिले. एकही डाग नसलेल्या काचा पुसणाऱ्या माणसाकडे बायको किती वेळ बघू शकेल? अक्का निघाल्या. मात्र पुढच्या सीटवर मला बसवलं, स्वतः मागे बहिणीशेजारी बसल्या आणि पदर तोंडावर ओढून "शिव शिव" सुरू केलं. दाजी मला हळूच म्हणाले, "आज न्हाई तर कदी न्हाई."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या सासुरवाडीला बोलण्याचे काही नियम फार कडक. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि दिवा कधी विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. अक्का तर ट्यूबलाइटचं बटण बंद करायलाही "दिवा वाढवा" असंच सांगतात. विझणं हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलेला नव्हता. दाजींना हे पाठ होतं. पण घरात पाठ असलेलं माणूस रस्त्यावर विसरतं.

वेळापूर मागे पडल्यावर दाजींनी ट्रकांची गर्दी टाळायला आतला रस्ता धरला. अंधार पडला आणि त्यांनी गाडीचे दिवे लावले. खोटं कशाला बोलू, रस्ता असा उजळला की बाभळीचे काटे मोजता यावेत. दाजी खुशीत आले. "खड्डा बगा, मास्तर, केवडा स्वच्छ दिसतोय." तो दिसेपर्यंत आम्ही त्यातून गेलेलोही असायचो, कारण दाजी खड्ड्याकडे न बघता त्याच्यावर पडलेल्या उजेडाकडे बघत होते. एका वळणावर समोरून मेंढरांचा कळप आला. दाजींनी गाडी थांबवली. शेकडो डोळे आमच्याकडे बघत हिरवेगार चमकले, आणि ती सगळी मेंढरं जिथल्या तिथे थिजून उभी राहिली. ना पुढे, ना मागे. कळपाच्या पलीकडून एक म्हातारा मेंढपाळ, डोळ्यांवर हात धरून, ओरडला, "आवो मालक, दिवं वाढवा की."

दाजींचा चेहरा मी शेजारून पाहिला. महिनोन्‌महिने लोकांनी त्यांना दिवे कमी करा म्हणून सांगितलं होतं. मामींनी सांगितलं, मी सांगितलं, समोरून येणारे ट्रकवाले तर नको त्या शब्दांत सांगून गेले. वाढवा म्हणणारा हा पहिला माणूस. "ऐकलंव का, मास्तर," दाजी गहिवरून म्हणाले, आणि त्यांनी बंपरवरचे ते बशीएवढे दोन दिवेही लावले. पुढची मेंढरं मागे वळली, मागची पुढे घुसली, आणि सगळा कळप लोकरीच्या ढिगासारखा एकमेकांवर चढून आमच्या बॉनेटला येऊन चिकटला. कुत्रं भुंकायला लागलं. म्हातारा जीव तोडून ओरडला, "वाढवा वो, वाढवा." दाजी आता घाबरेघुबरे झाले. सगळी बटणं दाबून झाली होती. मान बाहेर काढून ते अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाले, "आता कुठनं वाढवू, बाबा? ह्याच्यापेक्षा जास्त न्हाईत माज्याकडं."

आणि मागून अक्कांचा आवाज आला. "अहो, विझवा ते."

दाजींनी दिवे विझवले. मला वाटतं ते मेंढरांसाठी नव्हे, त्या शब्दाच्या धक्क्याने. सगळं एकदम काळं झालं. मग हळूहळू रस्ता दिसायला लागला, मेंढरांच्या पाठी दिसायला लागल्या. त्या पाठी हलल्या, आणि कळप गाडीच्या दोन्ही अंगांनी, काचांना अंग घासत, वाहून गेल्यासारखा निघून गेला. म्हातारा खिडकीपाशी थांबला. "लई उजेड झाला, मालक. मेंढरास्नी काई दिसंना." शिवी नाही, राग नाही. एवढं बोलून तो गेला. दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इतक्या महिन्यांची मेहनत मेंढरांच्या पायाखाली गेलेली. मला त्यांची इतकी दया आली की मी काहीतरी भूगोलाचं बोलायला लागलो होतो, तेवढ्यात मागचं दार उघडलं.

अक्का उतरल्या, पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी मागं बसा, भावजी." मी मागे गेलो. अक्का दाजींच्या शेजारी बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "लावा आता. दोनच लावा." दाजींनी दोनच लावले. "त्या दिवशी ट्रॉली मला दिसली हुती," अक्का म्हणाल्या. "तुमी घाबरशीला म्हणून ओरडले न्हाई. गप ऱ्हायले, तेचंच भ्या बसलं मला. आता सांगत जाईन." दाजींनी गिअर टाकला आणि म्हणाले, "सांगत जा."

आणि अक्का सांगायला लागल्या. सायकल आहे. डावीकडं बैलगाडी. खड्डा, लहान आहे. कुत्रं बसलंय, उठणार नाही, तुम्हीच बाजूने घ्या. प्रत्येक वेळी दाजी म्हणत, "बरं." माझी बायको मागे ऐकत होती, मीही ऐकत होतो. सोलापूर आलं, रस्त्यावरचे खांब सुरू झाले, दुकानांच्या पाट्यांचा लखलखाट सुरू झाला, आंधळ्यालाही दिसावं असं सगळं झालं, तरी अक्का सांगतच होत्या, की समोर रिक्षा आहे, आणि दाजी जणू ती रिक्षा त्यांना आत्ताच कळली अशा आवाजात "बरं" म्हणतच होते.

तो नेम पुन्हा सुरू झाला त्याला आता बरेच दिवस झाले. अलीकडे लेकीच्या बाळंतपणासाठी अक्का पुण्याला गेल्या आहेत. एका संध्याकाळी दाजींचा फोन आला, "मास्तर, येता का जरा चक्कर मारायला?" गेलो. अक्कलकोट रस्त्याला लागलो. अंधार पडत होता, दिवे छान पडले होते. आपण अक्कांच्या जागेवर बसलोय तर त्यांचं काम करावं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "दाजी, पुढे गतिरोधक आहे." दाजी म्हणाले, "दिसतंय की मला." थोड्या वेळाने मी म्हटलं, "डावीकडे मोटारसायकल." दाजी म्हणाले, "दिसतंय हो मास्तर, सगळं दिसतंय. दिवे लई चांगलं झालंत." गाव संपायच्या आतच दाजींनी गाडी वळवली. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काय न्हाई. आज बगण्यासारखं कायच न्हाई रस्त्यावर." आणि आम्ही दोघं त्या लख्ख उजेडात, काही न बोलता, घरी परत आलो.